चिठ्ठ्या कुणाच्या नावाच्या जास्त?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा शेवटचा पेपर झाला, शाळांच्या परीक्षा उरकल्या, की ठाण्या-नवी मुंबईतल्या ग्रंथालयांच्या देवघेव खिडकीपाशी तेरा ते सतरा वयाची मुलं दिसू लागतात. त्यांतल्या बऱ्याच जणांची मागणी एकच असते, ‘डिस्टोपियन काही आहे का?’ पुढच्या काळातलं जग, वरून आखून दिलेलं आयुष्य, सतत कुणाची तरी नजर, आणि त्या व्यवस्थेच्या तावडीत सापडलेला एखादा मुलगा किंवा मुलगी, अशा या कादंबऱ्या. पाठोपाठ आईबाबांचा प्रश्न येतो. इतकं काळंकुट्ट कशाला वाचायचं? अभ्यासाचं टेन्शन काय कमी आहे?

प्रश्न काळजीपोटी विचारलेला असतो, त्यामुळे ‘वाचू द्या हो’ म्हणून तो झटकून टाकणं बरं नाही. किशोरवयीन वाचकांबरोबर काम करणारे आम्ही काही ग्रंथपाल आणि शिक्षक त्याचं नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करत आहोत. पत्र लांबलं आहे, पण सुट्टी सुरू होताना ते छापून आलं तर पालकांना उपयोग होईल.

सिनेमांमुळे हे खूळ आलं, असं म्हणतात. सिनेमामुळे पुस्तक हातात येतं हे खरं. पण साडेतीनशे पानं शेवटपर्यंत वाचून पुढचा भाग मागायला सिनेमा कुणाला भाग पाडत नाही. मारामारीची आवड म्हणावी, तर ती भागवायला मोबाइलवरचे खेळ आहेतच. मुलं आतून खचलेली आहेत म्हणून असलं वाचतात, हे तिसरं निदान. त्याबद्दल पुढे लिहितो. आम्हाला दिसतं ते हे, की मुलं या पुस्तकांत नियम वाचतात. त्या जगात काय चालतं, नियम कुणी केला, तो कुणाला जाचतो, कुणाला लागूच होत नाही आणि त्यात फट कुठे आहे, हे शोधण्यात ती रमतात.

सुझन कॉलिन्स यांची २००८ सालची ‘द हंगर गेम्स’ घ्या. बारा जिल्हे; दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून सोडतीने एक मुलगा आणि एक मुलगी उचलायची; अशी चोवीस मुलं एका रिंगणात सोडायची आणि एकच जिवंत बाहेर येणार. इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. पुस्तक वाचणारी मुलं मात्र सोडतीच्या चिठ्ठ्यांपाशी थांबतात. वयाच्या बाराव्या वर्षी तुमच्या नावाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, अशी वाढत वाढत अठराव्या वर्षी सात. हा नियम सगळ्यांना सारखा. त्याला एक ‘सवलत’ जोडलेली आहे. घरात उपासमार असेल तर एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य आणि तेल सरकारकडून मिळतं, आणि त्याच्या बदल्यात तुमच्या नावाची एक जादा चिठ्ठी पडते. घरातल्या प्रत्येक माणसासाठी असं धान्य घेता येतं, आणि या जादा चिठ्ठ्याही वर्षानुवर्षं साठत जातात.

आता हिशेब. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची. वयाच्या चिठ्ठ्या पाच. घरात ती, आई आणि धाकटी बहीण. तीन माणसांचं धान्य पाच वर्षं घेतलं, त्याच्या पंधरा. एकूण वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा. वयाच्या सात, घरात पाच तोंडं, सात वर्षं, म्हणजे पस्तीस. एकूण बेचाळीस. महापौरांच्या मुलीने धान्य कधी घेतलेलंच नाही, तिच्या पाच. आणि ज्या बारा वर्षांच्या बहिणीच्या नावाची एकच चिठ्ठी असते, नेमकी तीच निघते. कागदावर समान असलेली सोडत गरिबाच्या घरात शिरली की कशी तिरकी होते, हे मुलं कुणी न सांगता वहीच्या मागच्या पानावर मांडून बघतात. गेल पुढे जाऊन म्हणतो, की या सवलतीचा दुसरा उपयोग म्हणजे पोट भरलेले आणि उपाशी एकमेकांवर चिडलेले राहतात, वर कुणी बघत नाही. चौदा-पंधराच्या मुलामुलींना हे वाक्य फार लागतं. समाजशास्त्राचा एवढा धडा इतक्या कमी जागेत दुसरीकडे क्वचित सापडेल.

या गोष्टीचं बीज लेखिकेला ग्रीक पुराणात सापडलं: अथेन्सने क्रीटच्या राक्षसासाठी सात मुलगे आणि सात मुली पाठवायच्या. आपल्याकडे तेवढ्या लांब जायचं कारण नाही. एकचक्रानगरी आणि बकासुर ही गोष्ट ऐकली नाही असं मराठी मूल विरळा. गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा घेऊन जाणारा माणूस, दर घराची पाळी ठरलेली. आपण सांगताना भीमाने गाड्यावरचा भात कसा फस्त केला तिथे हसतो आणि गोष्ट संपवतो. महाभारताच्या आदिपर्वात मात्र त्या आधीच्या रात्रीला बरीच जागा दिलेली आहे. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मला पाठवा, आणि बोबडं बोलणारा धाकटा गवताची काडी उचलून म्हणतो की हिने राक्षसाला मारीन. ब्राह्मण राजाबद्दलही बोलतो: राजा दुबळा आहे, रक्षण करत नाही, आणि तरीही आपण इथेच राहिलो. हा सगळा भाग मुलांना मुळातून वाचून दाखवला की ती आपण होऊन दोन्ही गोष्टी शेजारी ठेवतात. फरकही त्यांच्या लक्षात येतो. बकासुराच्या गोष्टीत सोडवणारा पाहुणा म्हणून बाहेरून येतो. आजच्या कादंबऱ्यांत पाहुणा येत नाही, ज्या घराची पाळी त्याच घरातल्या मुलीला उठावं लागतं.

वयाचा भाग इथे येतो. लोइस लोरी यांच्या १९९३ सालच्या ‘द गिव्हर’मध्ये बारा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला समारंभात त्याचं आयुष्यभराचं काम नेमून दिलं जातं. वेदना नाहीत, भांडणं नाहीत, रंगसुद्धा नाहीत. जोनस नावाच्या मुलाला हवेत उडवलेलं सफरचंद क्षणभर ‘वेगळं’ दिसतं आणि त्याला त्यासाठी शब्दच सापडत नाही, कारण लाल हा शब्द कुणी कधी वापरलेला नाही. आपली दहावीची मुलं पाच विषयांची बेरीज करून अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा पसंतीक्रम भरतात आणि यादीची वाट बघत बसतात. प्रवेशाची पद्धत म्हणजे जुलमी राजवट, असं आम्हाला सुचवायचं नाही, आणि मुलंही तसं समजत नाहीत. ओळखीची असते ती भावना: नियम करणारा माणूस दिसत नाही, निकाल पडद्यावर येतो, आणि ‘का’ विचारायला खिडकी नसते. त्या भावनेला नाव आणि गोष्ट मिळाली की मूल मोकळं बोलायला लागतं.

पालकांनी एक फरक जरूर ध्यानात ठेवावा, कारण चुकीची पुस्तकं चुकीच्या वयात दिली जातात ती इथेच. मोठ्यांसाठी लिहिलेल्या जुन्या डिस्टोपियात नायक हरतो. ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मधला विन्स्टन स्मिथ एकोणचाळीस वर्षांचा, आणि शेवटी आतून मोडलेला. किशोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकात नायक किंवा नायिका वाचकाच्याच वयाची असते आणि जखमी होऊन का होईना, बाहेर पडते. तेरा वर्षांच्या मुलाला थेट ऑर्वेलची मोठी कादंबरी देणं म्हणजे पोहायला शिकवण्यासाठी खाडीत ढकलणं.

बारा-तेराच्या मुलांना ‘द गिव्हर’ चालतं. तेवीस प्रकरणं आहेत. अकरा आणि बारा अशी दोन बैठकांत वाटून घ्यावीत. एकोणिसावं प्रकरण घरातल्या मोठ्या माणसाने आधी वाचून ठेवावं. ‘मुक्त करणं’ या गोड शब्दाखाली काय चालतं ते तिथे एका तान्ह्या बाळाच्या बाबतीत उघड होतं, आणि ते वाचून मूल त्याच संध्याकाळी बोलायला येतं. शेवट मोकळा सोडलेला आहे. जोनस वाचला की नाही यावर मुलांना भांडू द्यावं. लेखिकेने पुढे आणखी तीन पुस्तकं लिहिली, ही माहिती भांडण पुरतं रंगेपर्यंत देऊ नये.

तेरा-चौदाला ऑर्वेलचंच ‘अ‍ॅनिमल फार्म’, शेतावरचे प्राणी मालकाला हाकलून स्वतः कारभार हाती घेतात ती गोष्ट. पुस्तक छोटं, प्रकरणं दहा, पण सगळ्यांत जास्त बिघडतं ते याच वाचनात. मोठी माणसं पहिल्या पानापासून रशियन क्रांतीचा इतिहास सांगायला बसतात. अमुक डुक्कर म्हणजे अमुक पुढारी अशी किल्ली हातात दिली जाते, आणि मूल गोष्ट सोडून किल्ली पाठ करायला लागतं. इतिहास शेवटी सांगावा. आधी एक ड्रॉइंगचा कागद भिंतीला लावावा आणि प्राण्यांच्या सात आज्ञा त्यावर मोठ्या अक्षरांत लिहाव्यात. मग प्रकरण वाचून झालं की आज्ञेत काय बदललं ते लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी दूध गायब होतं, तिसऱ्यात सफरचंदं जातात; तेव्हा आज्ञा अजून शाबूत असतात. सहाव्या प्रकरणात पलंगावर न झोपण्याच्या आज्ञेला चादरीची अट चिकटते. आठव्यात प्राणी न मारण्याच्या आज्ञेला ‘कारणाशिवाय’ हा शब्द, आणि दारू न पिण्याच्या आज्ञेला ‘अती’ हा शब्द. दहाव्यात सातही आज्ञा पुसून एकच उरते. कागद लाल होत जातो. नियम एका रात्रीत बदलत नाही, त्याला एकेक शब्द चिकटत जातो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी ‘आधीपासून असंच होतं’ म्हणतं, हे या कागदावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं व्याख्यानातून सांगता येत नाही. कागद घरी न्यायला द्यावा. मुलं तो जपून ठेवतात.

‘द हंगर गेम्स’ चौदा-पंधराला. सत्तावीस प्रकरणं, नऊ-नऊची तीन भागांत विभागणी लेखिकेनेच केली आहे, त्यामुळे तीन आठवडे सहज पडतात. सिनेमा नंतर दाखवावा, आधी नको. आधी पाहिला की चेहरे ठरून जातात आणि चिठ्ठ्यांचा हिशेब नजरेतून सुटतो. वाचनानंतर सोडतीचा प्रसंग तेवढा लावून ‘पुस्तकातलं काय गळलं?’ एवढंच विचारावं.

पंधरा-सोळाच्या मुलांना ब्रॅडबरीची ‘फॅरनहाइट ४५१’ आवडते, ती १९५३ सालची असली तरी. आग विझवणारे बंब इथे पुस्तकं जाळायला धावतात. मुलं सरकारवर चिडतात. तेव्हा त्यांना अग्निशामक दलाच्या कॅप्टनचं लांबलचक बोलणं पुन्हा वाचायला सांगावं. तो सांगतो की लोकांनीच आधी वाचणं सोडलं, हुकूम मागून आला. शेवटी रानात राहणारी माणसं एकेक पुस्तक पाठ करून स्वतःच पुस्तक झालेली असतात. मराठी वाचकाला इथे इंद्रायणी आठवल्याशिवाय राहत नाही. गाथेच्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या ही श्रद्धा आहे. अभंग लोकांच्या तोंडी होते म्हणून ते बुडू शकले नाहीत, असंही आपल्याकडे सांगतात. हे दोन्ही मुलांपुढे ठेवावं आणि गप्प बसावं.

‘नाइन्टीन एटी-फोर’ सोळा-सतराच्या आत नको. तिसऱ्या भागातला छळ त्याआधी पेलत नाही. जी मुलं पुस्तक अर्धवट सोडतात ती बहुतेक दुसऱ्या भागाच्या नवव्या प्रकरणात सोडतात. तिथे पुस्तकातलं पुस्तक येतं, पानंच्या पानं राजकीय विवेचन. पहिल्या वाचनात ते चाळलं तरी चालेल, असं आधीच सांगून ठेवलं की गाडी अडत नाही. उलट शेवटचं परिशिष्ट सोडू देऊ नये. नव्या सरकारी भाषेची माहिती देणारं ते टिपण अभ्यासाचं वाटतं म्हणून मुलं मिटतात. ते भूतकाळात लिहिलेलं आहे, साध्या इंग्रजीत. त्यावरून काही वाचक म्हणतात की ती राजवट पुढे संपली असणार. सतरा वर्षांच्या मुलाला हा धागा स्वतः सापडला तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. हक्स्लीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ त्याहूनही उशिरा; तिच्यातले लैंगिक उल्लेख पालकांनी आधी पाहून ठरवावेत.

चर्चेच्या बैठकीबद्दल थोडं. बारा मुलं पुरेत, पंधरा म्हणजे डोक्यावरून पाणी. पुस्तकाच्या सहा प्रती असल्या की दोघांत एक, चौथ्या दिवशी अदलाबदल, असं जमतं. खुर्च्या गोलात. प्रत्येकाला एक फुलस्केप कागद, त्यावर चार उभे रकाने: नियम, कुणी केला, कुणाचा फायदा, मोडला तर काय. पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, फक्त रकाने भरायचे. मग वाचून दाखवायचं. मोठ्या माणसाने चाळीस मिनिटं तोंड उघडू नये, हे सगळ्यांत अवघड. आणि ते पाळलं नाही तर मुलं आपल्याला काय आवडेल ते बोलायला लागतात. बैठक दोन तासांची, त्यापुढे ताणू नये. शेवटी ‘तात्पर्य’ विचारलं की पुढच्या वेळी निम्मी मुलं येत नाहीत. चर्चा आजच्या पक्षांवर घसरली तरी बैठक हातची जाते, कारण मुलं घरातली मतं मांडायला लागतात आणि पुस्तक बाजूला पडतं. ‘हा नियम पुस्तकात कुठल्या पानावर आहे?’ एवढं विचारलं की गाडी रुळावर येते.

लिहायला दिलं तर जग रचायला सांगू नये. मुलं नकाशा काढतात, वीस नियम करतात, तीन घराणी पाडतात आणि माणूस एकही येत नाही. एक नियम, एक दिवस, सहाशे शब्द, जागा ओळखीची. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीच्या सूचना फलकावर उद्यापासून लागलेली एकच सूचना घ्या: लिफ्ट कुणी वापरायची, किंवा टँकर आल्यावर कुठल्या मजल्याला किती वेळ पाणी. ती सूचना वाचून जिने चढणारं माणूस कोण, तिथून सुरुवात करायची. गोष्ट लगेच चालायला लागते.

नवी मुंबईतल्या मुलांसाठी तर हे साहित्य दाराशी आहे. ‘आदर्श नगर’ या अर्थाचा यूटोपिया हा शब्द थॉमस मोरने १५१६ मध्ये रूढ केला आणि त्याच्या उलट अर्थाने डिस्टोपियाचं रूप जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेत वापरलं, हे पुस्तकी झालं. पण सेक्टर सतरामध्ये राहणाऱ्या मुलाला कॅटनिसच्या जिल्ह्याचं ‘डिस्ट्रिक्ट बारा’ हे नाव वाचताना काही तरी जुळल्यासारखं वाटतं, ते उगाच नाही. त्याचं शहर खरोखरच आधी कागदावर आखलं गेलं. १९७० मध्ये हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, ९५ गावांची जमीन प्रकल्पासाठी ठरली, नोड म्हणजे शहराचे मोठे विभाग आणि त्यांत सेक्टर पाडले गेले. मुंबईचा भार हलका व्हावा, माणसांना उजेड-वारा मिळावा, हा हेतू चांगलाच होता, आणि या शहराने लाखो कुटुंबांना घर दिलं. त्याच कागदावर आगरी-कोळी गावंही होती. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळावा ही मागणी त्या लढ्यातून पुढे आली. कादंबरीच्या नावातलं साल आणि हे साल एकच आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावं लागत नाही. आपल्या नोडचा नकाशा काढा, सरळ रेषांच्या मधोमध रस्ता जिथे वाकडा होतो तिथे गावठाण आहे का पाहा, आणि तिथल्या एखाद्या आजीला विचारा की आखणी झाली तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का. तीन तासांचं काम आहे. हातात वही असू द्यावी, मोबाइलचं रेकॉर्डिंग विचारल्याशिवाय नको.

आता काळजीचा मुद्दा. या पुस्तकांत मरण आहे, आणि काहींत जीव देण्याच्या टोकाला आलेले प्रसंगही आहेत. घरात नुकतंच कुणी गेलं असेल, मूल झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, एकच प्रसंग पुन्हा पुन्हा वाचून त्याबद्दल बोलायला मात्र टाळत असेल, तर पुस्तक काढून घेऊ नये. शेजारी बसून तेच पान वाचावं. त्यातून निभावत नसेल तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. पुस्तकामुळे मूल खचलं असं आपण पटकन म्हणतो. बहुतेक वेळा आधीच दुखत असलेलं त्याला पुस्तकात सापडलेलं असतं.

मराठीचा प्रश्न आम्हाला सगळ्यांत जिव्हाळ्याचा आहे. ही मुलं इंग्रजीत वाचतात आणि मराठीत भांडतात. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली, तिथपासून विज्ञानकथेची वाट रुळलेली आहे. नंदा खरे यांची ‘उद्या’ आहे, जिच्यासाठी जाहीर झालेला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी नाकारला. पण ती मोठ्यांची कादंबरी. मंजुळा पद्मनाभन यांचं ‘हार्वेस्ट’ हे मुंबईतल्या एका खोलीत घडणारं, अवयव विकण्याच्या कराराचं नाटक सोळा-सतराच्या मुलांना उत्तम, तेही मूळ इंग्रजीत. चौदा वर्षांच्या मुलासाठी मुळात मराठीत लिहिलेल्या डिस्टोपियाचा खण जवळपास रिकामाच आहे.

अनुवाद करणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. ‘द हंगर गेम्स’ प्रथमपुरुषी वर्तमानकाळात आहे. सांगणारी जगणार की नाही हे शेवटपर्यंत कळू नये, म्हणून. पहिल्याच वाक्यात ती झोपेतून उठते. मराठीत ‘मी जागी होते’ लिहिलं तर दोन अपघात होतात. ती मुलगी आहे हे क्रियापदाने लगेच फोडलं, जे इंग्रजीत फुटत नाही. आणि ‘होते’ हे भूतकाळीही वाचता येतं, म्हणजे काळ गेला. ‘मला जाग येते’ लिहिलं की दोन्ही अपघात टळतात. ‘नाइन्टीन एटी-फोर’मधल्या, सगळ्यांवर नजर ठेवणाऱ्या ‘बिग ब्रदर’चं ‘मोठा भाऊ’ केलं तर दहशत जाते. ‘दादा’ म्हटलं की घरातला मायेचा थोरला आणि नाक्यावरचा ज्याला सगळे वचकून असतात तो, दोघंही एकाच शब्दात उभे राहतात. इंग्रजीला ही सोय नाही. अशा जागी मराठी मूळ पुस्तकाच्या पुढे जाऊ शकते.

हक्कांची अडचण वाटते तेवढी नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजतात. ऑर्वेल १९५० मध्ये वारला. त्याची पुस्तकं १ जानेवारी २०११ पासून आपल्याकडे मोकळी आहेत. हक्स्ली १९६३ मध्ये. १ जानेवारी २०२४ पासून मोकळा. रुकैया सखावत हुसेन यांची १९०५ सालची ‘सुलतानाज ड्रीम’ केव्हाच मोकळी झाली आहे. पुरुष पडद्यात आणि बायका कारभारात असलेली ती छोटीशी गोष्ट डिस्टोपियाच्या शेजारी ठेवून वाचावी अशी आहे. ब्रॅडबरी, लोरी, कॉलिन्स यांना परवानगी लागेल. जुन्या अनुवादांवर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो, तो तपासावा.

ग्रंथालयांना विनंती. बऱ्याच ठिकाणी बालविभागाचं सभासदत्व चौदाच्या आसपास संपतं आणि मोठ्यांचं अठराला सुरू होतं. मधली चार वर्षं मूल आईच्या कार्डावर पुस्तक नेतं, किंवा नेतच नाही आणि मोबाइलवर चोरीची पीडीएफ वाचतं. या वयासाठी वेगळं कार्ड, वेगळा खण, आणि सहा नव्या पुस्तकांच्या एकेका प्रतीऐवजी एका पुस्तकाच्या सहा प्रती, एवढं या सुट्टीत करता येईल. १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय चालवणाऱ्या ठाण्याला हे अवघड नाही. दुपारी दोन ते चार हॉल रिकामाच असतो; पंखे चालू ठेवावे लागतील, आणि प्यायचं पाणी.

आपल्या रविवार पुरवणीत जूनपर्यंत दर आठवड्याला एका मुलाच्या ‘एक नियम, सहाशे शब्द’ गोष्टीला जागा मिळाली, तर पाठवणारे पुष्कळ आहेत. मजकूर हाताने लिहिलेला असेल. शुद्धलेखन तेवढं तपासावं, शेवट बदलू नये.

कळावे,
आपले,
किशोर वाचकांबरोबर काम करणारे काही ग्रंथपाल व शिक्षक
ठाणे आणि नवी मुंबई